खंडेनवमीला राहिलेली वायर

शिरोलीच्या एमआयडीसीत विजयसिंहांच्या कारखान्यात परदेशी मशीन आलं, ते २००३ साली. करार पन्नास पानांचा, इंग्रजी. विजयसिंहांनी दर बघितला, तारीख बघितली आणि सही ठोकली. आतलं एक कलम मागाहून कळलं: कंपनीचे इंजिनिअर तिकडं बसून टेलिफोनच्या वायरीतून मशीनच्या कॉम्प्युटरात कधीही शिरतील, आणि आत जे असेल त्याची नक्कल ठेवतील.

मग नौदलाचं काम मिळालं, जहाजातल्या पंपाचे ऐंशी पंखे. दिल्लीच्या साहेबांनी ते कलम वाचून कपाळाला हात लावला. पंखा पाण्यात कसा वाजतो यावरून जहाज ओळखता येतं, म्हणाले. पंख्याचा नकाशा बाहेर गेला तर वैऱ्याला आयती खूण मिळेल. म्हणून ठरलं, नकाशा मशीनवर असेल तोवर वायर काढून ठेवायची. ती जबाबदारी सयाजीवर. तीस वर्षं कारखान्यात झिजलेला, नवरात्रात कीर्तनात टाळ घेऊन बुवांच्या मागं उभा राहणारा माणूस. त्याच्या शब्दावर साहेब निर्धास्त गेले.

खंडेनवमीला कामगारांनी मशीन धुतलं, पुसलं, झेंडूच्या माळा घातल्या. लोंबणारी वायर बरी दिसत नव्हती, म्हणून कुणीतरी ती जागेवर खोचून दिली. सयाजीला ते दिसलं, पण पूजा झाल्यावर. आदल्या दिवशीच बुवांनी कीर्तनात सांगितलं होतं, राबणाऱ्या लोखंडालाही एक दिवस देव मानून निवांत असू द्या. बुवांचं काही चुकलं नव्हतं. पुजलेल्या हत्याराला हात कसा लावायचा? एका दिवसानं काय होतंय, म्हणून सयाजी हात जोडून घरी गेला.

दसऱ्यानंतर मशीन चालू केलं, तर कधीच बंद न होणाऱ्या त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नोंद होती: नवमीच्या दुपारी दोन तास बाहेरून कुणीतरी आत होतं.

सयाजीनं विजयसिंहांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मामा, शुक्रवारी साहेब माल न्यायला येत्यात. वायर काढलेलीच होती म्हणायचं. तुमच्यावर कोण संशय घेणार हाय?"

तेच सयाजीला जड झालं. कुणीच घेणार नव्हतं.

शुक्रवारी साहेबांनी हसत वायरीचं विचारलंही, रिवाज म्हणून. मागं विजयसिंह उभे. सयाजीनं टोपी काढली.

"न्हाय साहेब. नवमीला जोडलेली होती. मी बघितली, आन् ऱ्हाऊ दिली."

साहेबांनी विचारणा केल्यावर मशीनच्या कंपनीचं उत्तर आठवड्यात आलं, अगदी सभ्य. नक्कल घेतली आहे, कलमाप्रमाणे घेतली आहे. तक्रार करायला जागाच नव्हती. काम रद्द झालं. एकही बाहेर जाऊ नये म्हणून तयार पंखे साहेबांसमोर फोडायचे ठरले, तेव्हा घण सयाजीनं मागून घेतला. दुसऱ्याच्या हातानं ते बघवलं नसतं. ऐंशी पंखे फोडायला दुपार झाली. प्रत्येक घावाला तोंडात देवाचं नाव होतं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

तुकडे भट्टीत गेले. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली. विजयसिंह तिकडंच बघत म्हणाले, "सयाजी, मशीनच्या खोलीची किल्ली ठेवून जावा."

तीस वर्षांत पहिल्यांदा ते मामा म्हणाले नव्हते. सयाजीनं किल्ली ठेवली आणि जेवणाचा डबा उचलला. डबा सकाळपासून तसाच भरलेला होता.