झाडूचं पाणी

पाणी मोजायचा बेलखैरला कंटाळा आला होता आणि तो त्याने कुणापासून लपवलाही नव्हता. चाळीस वर्षं तो एकाच पाटाच्या तोंडाशी उकिडवा बसत आला होता. गुडघे गेले, कंबर गेली, ओल्या मातीने बोटांच्या पेरांना कायमच्या भेगा पाडल्या. तिमेलीन गावात पाणी मोजण्याचा मान त्याच्याच घराण्याकडे होता. मान म्हणजे काय, तर वाटणी झाली की अर्धं गाव तुमच्याशी बोलत नाही.

गावाचं सगळं पाणी एका भुयारी पाटातून येई. पणज्यांच्या पणज्यांनी वरच्या पठारापासून गावापर्यंत जमिनीखालून खणत आणलेला हा फोगारा. उताराने पाणी आपसूक येतं, गावाशी उजेडात पडतं आणि दगडी फणीच्या दातांमधून ज्याच्या त्याच्या बागेकडे जातं. कुणाच्या दाताला किती रुंदी, हे बेलखैरने ठरवायचं. त्याच्याकडे तांब्याचं एक ताट होतं, भोकाभोकांचं. भोकं ओल्या मातीने बुजवायची, ताट प्रवाहाला आडवं धरायचं आणि पाणी ठरल्या खुणेवर स्थिर होईपर्यंत एकेक भोक उघडत जायचं. करंगळीएवढ्या भोकातून जाईल तेवढ्या पाण्याला तिमेलीनमध्ये दाणा म्हणत.

दोन वर्षांमागे पाणी रोडावलं, तेव्हा वीज कंपनीने मदत देऊ केली. पठारावर, पाटाच्या उगमाशी, सूर्यावर चालणारा पंप. कूपनलिकेतून पाणी उपसायचं आणि पाटात ओतायचं. राजधानीहून नसीमा नावाची इंजिनीअर आली, उन्हातून वीज करणाऱ्या साठ काचेच्या पट्ट्या उभ्या राहिल्या, कुंपण झालं, तीन भाषांत फलक लागला. कागदावर सगळं होतं, फक्त झाडू नव्हता. पठारावर धूळ अशी की सकाळी पुसलेला आरसा दुपारी भिंत वाटावा. त्या साठ पट्ट्या रोज झाडायच्या कुणी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गावातला एक माणूस तयार होईना. तरुणांचे डोळे गॅसच्या कंपनीकडे. तिथे पगार, तिथे खोलीला थंड हवा, तिथे रोज ताटात मटण. "गॅसच्या देशात राहून उन्हाला झाडू मारायचा?" असं म्हणत बेलखैरचा धाकटा भाऊ तुहामी हसला होता. तुहामी पंचांचा म्होरक्या, आणि पाण्याचा सगळ्यात मोठा वाटाही त्याचाच.

तेव्हा मसऊदा उठली. पंचेचाळिशीची विधवा. तिचा नवरा आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागा पाचव्या हिश्श्याने कसत राहिला आणि मागे एक तुकडा ठेवून गेला, ज्याला पाण्याचा एक थेंबही लागू नव्हता.

"मी झाडते," ती म्हणाली. "पैसे नकोत. पाणी द्या."

बेलखैरने रिवाज सांगितला. जो आपल्या कष्टाने पाटाचं पाणी वाढवील, त्याला वाढीचा तिसरा भाग. सगळ्यांनी तळवे वर करून दुआ मागितली आणि शब्द पक्का झाला. मसऊदाने दुसऱ्याच दिवशी आपल्या कोरड्या तुकड्यात खजुराची बारा रोपं लावली. वर्षभर ती मशिदीच्या टाकीवरून डबे भरभरून त्यांना जगवत होती, आणि रोज सकाळी तासाभराची चढण चढून साठ पट्ट्या झाडत होती.

वर्ष भरलं. मोजणीच्या सकाळी नसीमा राजधानीहून आली. तिला आकडा हवा होता. वाढ चांगली दिसली तर असे पंप आणखी चाळीस गावांना मिळणार होते. मसऊदाही आली होती, धुतलेली ओढणी घेऊन, झाडू भिंतीला टेकवून.

बेलखैरने भोकं उघडली, मोजली. पुन्हा बुजवून पुन्हा मोजली.

"नव्वद," तो म्हणाला.

"आणि पंपाच्या आधी किती होते, काका?" नसीमाने विचारलं.

"नव्वद."

मसऊदा फणीच्या दातांकडे बघत राहिली, जणू एखादा दात चुकून मोजायचा राहिला असावा.

बेलखैरला कुठे घोडं पेंड खातंय त्याचा अंदाज आला होता, पण अंदाजावर पाणी वाटत नाहीत. त्याने पंप तीन दिवस बंद ठेवायला लावला आणि चौथ्या दिवशी मोजलं. चौसष्ट. पंप चालतो तेव्हा नव्वद, बंद असला की चौसष्ट. म्हणजे पंप सव्वीस दाणे ओतत होता खरा, पण पाटाचं स्वतःचं पाणी वर्षभरात तेवढंच आटलं होतं. कूपनलिका खालून त्याच ओलीला तोंड लावून बसली होती.

"एकाच मडक्यात दोन पळ्या घातल्यात आपण," तो नसीमाला म्हणाला. "मडकं काही मोठं झालेलं नाही."

नसीमाचा चेहरा उतरला. वाईट पोरगी नव्हती ती. "निदान कमी तरी झालं नाही ना, काका?" ती म्हणाली. पंप पुन्हा सुरू झाला, कारण आता त्याच्यावाचून बागा जगणार नव्हत्या.

त्याच दुपारी मशिदीच्या अंगणात पंच बसले. चहाचा पहिला पेला रिकामा व्हायच्या आत तुहामीने विषय संपवला.

"शब्द काय होता? वाढीचा तिसरा भाग. वाढ आहे का? नाही. मग तिसरा भाग कशाचा? वाईट वाटतं, पण रिवाज तो रिवाज. दादा, तूच सांग, मी खोटं बोलतोय का?"

खोटं नव्हतं. बेलखैरला तेच खुपत होतं. शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने दिला होता, आणि त्या शब्दात बसवून एका बाईच्या वर्षभराच्या कष्टाला शून्य म्हणता येत होतं. तो मान खाली घालून बसला. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही थकवा जास्त वाटला.

मसऊदा अंगणाच्या दाराशी उभी होती. आत आली नाही.

"वर्षभर म्हणत होतात, मसऊदा, झाड गं, वाटा मिळेल. आता तोंडाला पानं पुसा आणि मोकळे व्हा," ती म्हणाली. "माझी रोपं आहेत बारा. उन्हाळ्याआधी पाणी लागलं नाही तर जातील. तुहामीभाऊ, तुमच्या बागेत झाडं किती?"

"तीनशे," तुहामीच्या तोंडून निघून गेलं.

"मग तीनशेंपैकी एकाला तरी हा झाडू धरता येईल." तिने झाडू उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेली.

पुढचे दहा दिवस पट्ट्यांना कुणी हात लावला नाही. त्यात वसंतातला वारा सुटला, तीन दिवस आकाश पिवळं. तुहामीने एकाला सांगितलं, तर त्याची पाठ धरलेली. दुसऱ्याच्या घरी लग्न. तिसरा म्हणाला, बायकांचं काम आहे ते. अकराव्या दिवशी तुहामीच्या कांद्याच्या पाती पिवळ्या पडल्या आणि तो तडक भावाच्या दारात आला.

"दादा, पंप बिघडला. त्या इंजिनीअरबाईला फोन लाव."

"पंपाला काय धाड भरलीय?" बेलखैर म्हणाला. तरी तो उठला. आधी पाटावर जाऊन ताट लावलं. अठ्ठ्याहत्तर. मग मसऊदाचा झाडू खांद्यावर टाकला आणि पठाराची वाट धरली.

जी चढण मसऊदा तासाभरात चढायची, तिला त्याला दोन लागले. वर कडेच्या टेकाडावर वीज कंपनीच्या आठ पवनचक्क्या उभ्या होत्या. तीन फिरत होत्या, बाकीच्या पाच समुद्रापलीकडून यायच्या कुठल्याशा सुट्या भागाची वर्षभर वाट बघत होत्या. खालून गॅसची जाड नळी उत्तरेकडे गेलेली. तिला मात्र कधी कशाची वाट बघावी लागलेली त्याने पाहिली नव्हती. पट्ट्या मातकट झाल्या होत्या. बोट ओढलं तर निळी रेघ उमटे.

त्याने पहिली पट्टी झाडली. दहाव्या पट्टीला कंबरेने दगा दिला. विसाव्याला त्याने सावलीत बसून भाकरीबरोबर चार खजूर खाल्ले आणि मनातल्या मनात कंपनीला, भावाला आणि स्वतःला एकेक शिवी हासडली. चाळीसाव्याला नाकातोंडात इतकी धूळ गेली होती की थुंकी तपकिरी पडत होती. उन्हं कलायच्या बेताला साठ झाल्या. असं रोज, त्याने हिशोब केला, आणि मग करणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ताट लावलं. नव्वद.

त्याने पंचांना पाटावरच बोलावलं. मसऊदालाही. तुहामीच्या फोनवरून नसीमाही राजधानीहून आली होती, ती गाडीतून उतरली.

"झाडू नसताना अठ्ठ्याहत्तर," बेलखैर म्हणाला. "झाडू मारल्यावर नव्वद. मधले बारा दाणे झाडूचे. बाराचा तिसरा भाग चार. मसऊदाचे चार दाणे."

"अरे व्वा!" तुहामी उसळला. "ही वाढ झाली का, दादा? होतं तेच राखलं. राखण्याला वाटा मिळतो, हे कधीपासून?"

"आपल्या आज्याने काय केलं होतं रे?"

तुहामी पायावरची वाळू झटकू लागला.

"सांग की सगळ्यांना. त्यानं नवा पाट खणला? नवी ओल शोधली? दरड कोसळून भुयार गाळाने भरलं होतं, तो गाळ त्यानं तीन हिवाळे उपसला. होतं तेच राखलं. त्याचे तीस दाणे मिळाले त्याला, आणि ते आज तू आणि मी खातोय. त्याच्या गाळाला वाटा, आणि हिच्या धुळीला नाही?"

एक म्हातारा खोकल्यासारखं हसला. दुसऱ्याने मान हलवली. तुहामीने इकडे तिकडे पाहिलं, पण त्याच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. ज्यांना बोलायचं होतं त्यांना आपण काल झाडायला का गेलो नाही हे सांगावं लागलं असतं.

"काल तर तुम्हीच झाडलंत म्हणे," मसऊदा म्हणाली. "मग एक दाणा तुमचा काढून घ्या, काका."

"माझी कंबर भरून दे, बाकी काही नको."

नसीमा वही उघडून उभी होती. "काका, मी वाढीच्या रकान्यात काय लिहू?"

"शून्य."

"शून्य लिहिलं तर चाळीस गावांचा पंप अडकेल."

"मग खाली लिही, झाडू नसला तर बारा उणे. आणि हेही लिही की वरून ओततो ते खालूनच येतं."

"याला रकाना नाही, काका," ती हळूच म्हणाली. तिने काय लिहिलं ते बेलखैरने विचारलं नाही. सांगायचं ते त्याने सांगितलं होतं, आणि राजधानीपर्यंत चढत जायला त्याच्याकडे गुडघे नव्हते.

छिन्नी घेऊन तो फणीपाशी बसला. या दगडात त्याने याआधी एकदाही नवा दात पाडला नव्हता. त्याच्या बापानेही नाही. बाकीचे दात आवळायचे होते, तुहामीचा आणि त्याचा स्वतःचाही. वेळ लागला. शेवटचा कपचा उडाला तसं पाणी जरा अडखळलं, मग नव्या दातातून वळून मसऊदाने सकाळीच उकरून ठेवलेल्या चरात शिरलं. कोरड्या मातीने पहिलं पाणी नुसतं पिऊन टाकलं. मग ते पुढे सरकलं.

मसऊदा त्याच्याबरोबर चालत गेली, अनवाणी, पाण्याच्या तोंडाशी पाऊल ठेवत. बाराव्या रोपापर्यंत पोचलं तेव्हा ती परत आली. तिचे डोळे ओले होते आणि ते तिने पुसले नाहीत.

खरं सांगायला बेलखैरच्या जिवावर आलं होतं. पण मोजणाऱ्याने अर्धं सांगून चालत नाही.

"मसऊदा, पाटाचं आपलं पाणी चौसष्टवर आलंय. पुढच्या वर्षी आणखी कमी असेल. हे पाणी दहा वर्षं पुरेल, फार तर पंधरा. त्यापुढचं मला ठाऊक नाही."

तिने पायाने चराची ओली कड दाबली.

"खजूर पाच वर्षांत धरतो, काका," ती म्हणाली. "म्हणजे पाच वर्षं तरी फळं खाईन." मग तिने पठाराकडे पाहिलं, जिथे पुन्हा पिवळट उठायला लागलं होतं. "वारं सुटलं. जाते मी."

तिने झाडू उचलला आणि चढणीला लागली. बेलखैर ताटाच्या भोकांतली माती काढत बसला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला. तासभर वर, साठ पट्ट्या, तासभर खाली, रोज, आणि त्या सगळ्याचे चार दाणे. रिवाजाप्रमाणे एक थेंब कमी नव्हता, एक थेंब जास्त नव्हता. त्याने आयुष्यात केलेली ही सगळ्यात खरी वाटणी होती, आणि खरं एवढंसंच असतं याचं त्याला रडू आलं.