बाहेरून बघायचा राजवाडा

बाक रिकामा दिसला आणि हिब्लाच्या हातातली पावाची पिशवी रस्त्यावरच पडली. वर टेकडीवर राजवाड्याच्या कुंपणाचा पत्रा वाकवून कुणीतरी आत शिरलं होतं. कुणीतरी कसलं, तिचा नवरा मुश्नीच.

रोज सकाळी ती त्याला या बाकावर आणून बसवायची. राजवाडा बाहेरून बघायचा, समुद्राचं वारं खायचं आणि घरी जायचं, असा तिचा दंडक होता. राजवाड्यात विश्रामधाम होतं तेव्हा मुश्नीनं तळघरातला बॉयलर सव्वीस वर्षं सांभाळला होता. लढाईनंतर छप्पर गेलं, जिने गेले, उरलेल्या फळ्या पाय ठेवताच खाली येत. हे सगळ्या गाग्रा गावाला ठाऊक होतं. मुश्नीचं डोकं मात्र गेल्या हिवाळ्यापासून ते विसरून बसलं होतं.

धापा टाकत ती कुंपणापाशी पोचली. "अहो, ऐकलं का? घरी चला."

आत काहीतरी घरंगळलं. तिनं पुन्हा तीच हाक दिली.

फोटो काढायला आलेली एक रशियन बाई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "नावानं हाक मारा ना. नाव ऐकून तरी बाहेर येतील ते."

परक्या बाईला काय सांगणार? चाळीस वर्षांच्या संसारात हिब्लानं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. दवाखान्यातसुद्धा तिनं ते कागदावर लिहून दाखवलं होतं. नवऱ्याचं नाव घेणाऱ्या बाईला आपल्यात निर्लज्ज म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

आत एक फळी कडाडून मोडली. लाज गेली चुलीत.

"मुश्नी!"

आतून आवाज आला, "कोण, आर्शाक? आज लवकर आलास?"

आर्शाक दुसऱ्या पाळीचा. त्याला पुरून अकरा वर्षं झाली होती. पण मुश्नीचं तरी काय चुकलं? नावानं हाक मारणार ती कामावरची माणसं, बायको थोडीच मारणार. आणि पाळी बदलायला माणूस आल्याशिवाय बॉयलर सोडायचा नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

"हो, आलोय," हिब्लानं आवाज जाड केला. "तू ये बाहेर. भिंतीच्या कडेकडेनं ये."

तो आला. अंगभर चुन्याची धूळ, खरचटलेलं कोपर. तिला बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"तू इथं कशाला? आणि मला नावानं हाक कुणी मारली?"

रशियन बाईनं तोंड उघडलं. हिब्लानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं ते मिटून घेतलं.

"आर्शाकनं. त्याची पाळी सुरू झाली."

"गेला आत?"

"गेला."

मुश्नीचं समाधान झालं. मुकाट्यानं खाली येऊन तो बाकावर बसला आणि वरच्या धुराड्याकडे बघू लागला.

"धूर दिसत नाही अजून," तो काळजीनं म्हणाला.

"आत्ताच तर आलाय तो," हिब्ला म्हणाली. रस्त्यावरचा पाव उचलून ती त्याची धूळ झटकू लागली. धूळ कधीच गेली होती, हात थांबत नव्हते.