चौदा फूट कापडाच्या नावावर

मित्रांनो, मी एका व्यापारी पेढीतले जुने लाकडी टेबल आहे. कापडखात्याचे. तागा उलगडायला लांबी लागते, म्हणून सुताराने मला चांगले चौदा फूट केले होते. त्या लांबीचा मला भारी तोरा होता. तीच लांबी एका भल्या बाईला महागात पडली.

त्या बाई म्हणजे कापडखाते सांभाळणाऱ्या ताई. रोज सकाळी त्या माझ्यावर कोरडे फडके फिरवायच्या, कुसळ लागून रेशमाचा धागा निघू नये म्हणून. तीस वर्षे भरली की पेढी त्यांना पेन्शन देणार होती. सोळा महिने उरले होते. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे ताई ते महिने बोटांवर मोजत.

शेजारी कपबश्यांचे खाते होते. तिथले भाऊ एकदा खोकी घेऊन आले आणि आठवडाभर जागा द्या म्हणाले. ताईंनी तागे सरकवून मला अर्धे मोकळे करून दिले. त्या आठवड्याला सात वर्षे झाली, पण भाऊंचा पसारा काही हलला नाही. खोक्यांतला पेंढा मला टोचायचा आणि राग यायचा. ताईंना कधी आला नाही.

मग मालकांचे जावई आले. जावईबापूंच्या हाताला काही काम हवे, म्हणून मालकांनी त्यांना खात्यांचा नफा-तोटा तपासायला सांगितले. दहा वर्षांच्या वह्या निघाल्या. कापडात दरवर्षी थोडा का होईना, नफाच होता. जावईबापूंना तो पटेना. दुकानाचे भाडे त्यांनी प्रत्येक खात्याच्या जागेप्रमाणे वाटले, तेही पहिल्या वर्षापासून. मला टोकापासून टोकापर्यंत मोजले आणि चौदाच्या चौदा फूट कापडाच्या नावावर टाकले. एका दुपारीत कापडखाते दहा वर्षे तोट्यात गेले.

ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, अर्ध्या टेबलावर कपबश्या असतात. भाऊंनाच विचारा ना."

भाऊ माझ्यावर हात टेकूनच उभे होते. खाली बघत म्हणाले, "माल आला तर ठेवतो कधीतरी. तासाभरासाठी."

त्यांच्या कोपराशी शंभर-सव्वाशे कप होते. जावईबापूंनी कपांकडे पाहिले आणि तासाभरासाठी असे लिहून घेतले. मला तोंड असते तर भाऊंची तिथेच लाज काढली असती.

ताईंनी सोळा महिने मागितले, गोदामात काम करते म्हणाल्या. महिनाअखेरीस त्यांना घरी पाठवले, पेन्शनशिवाय. खाते बंद झाले, भाडे होते तेवढेच राहिले. मला करवतीने मधोमध कापले. एक अर्धे सरपणाला गेले, उरलेल्यावर भाऊंचा माल आहे.

परवा ताई नोकरीचा दाखला न्यायला आल्या. हातात औषधांची जड पिशवी होती. ती माझ्या कडेला टेकवून त्यांनी दम घेतला आणि सवयीने तळहाताने माझ्यावरची धूळ पुसली.

कप लावता लावता भाऊ म्हणाले, "बाई, पिशवी उचला. मालाची जागा आहे ती."

ताईंनी पिशवी उचलली. दाखला हाती पडेपर्यंत त्या दोन तास उभ्या होत्या.

मित्रांनो, मला पुसा, मला तेल लावा, असे काही मी मागत नाही. कुणी तुम्हाला आपल्यातली जागा दिली असेल, तर विचारणारा समोर येईल तेव्हा तसे सांगा, एवढेच मागतो. भाऊंनी नुसते हो म्हटले असते, तर ताईंची पेन्शन बुडाली नसती.