बाबा दिवसातून दीड वेळा जातात

सूनबाईचं काम असं होतं की जेवताना त्याबद्दल बोलू नये, पण विषय निघायचाच. एखाद्या इमारतीला पर्यावरणपूरक म्हणून प्रमाणपत्र हवं असेल तर ती पाणी किती वाचवते ते दाखवावं लागतं. पाणी जातं कुठे, तर बरंचसं संडासात. आणि संडासात कोण जातं, तर माणसं. म्हणून आधी माणसं मोजायची. ती सूनबाई मोजायची.

"त्यात मोजायचं काय?" सासरे म्हणाले. "दारात उभं राहायचं आणि आत जाणारी मुंडकी मोजायची."

"तसं नसतं, बाबा. दिवसभर काम करणारा तो एक माणूस. अर्धा दिवस येणारा, तो अर्धा."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. निवृत्तीनंतर ते एका विमा कंपनीत कागदपत्रं तपासायला जात, दुपारपर्यंत. आणि सूनबाई सध्या मोजत होती ती इमारत नेमकी त्याच कंपनीची.

"म्हणजे मी अर्धा?"

"फक्त हिशोबात, बाबा."

"मी लग्नापासून हेच सांगतेय," सासूबाई म्हणाल्या, "पण माझं कोण ऐकतंय!"

"बरं, आणि हा अर्धा माणूस तुमच्या हिशोबात जातो किती वेळा?"

"पूर्ण माणूस तीनदा धरतात. म्हणजे तुम्ही दीड वेळा."

"दीड?" सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं. "एकदा जातो, ते समजलं. दुसऱ्यांदा काय करतो, दारातून डोकावून परत येतो?"

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या मॅनेजरने सूनबाईला बसवून घेतलं. मॅनेजरचा जीव पुरुषांच्या मुताऱ्यांवर होता. त्या बिनपाण्याच्या होत्या. आलेल्या पाहुण्यांना लोक मुलाची बक्षिसं दाखवतात तशा तो त्या दाखवायचा.

"एक थेंब लागत नाही, मॅडम! जितके पुरुष जास्त, तितकं पाणी वाचलं. आपण सरळ निम्मे पुरुष, निम्म्या बायका धरू. सुवर्ण प्रमाणपत्र कुठे जात नाही."

"माहिती नसेल तर निम्मे धरतात, सर. मी आधी वर जाऊन बघून येते."

"बघायचं काय त्यात? माणसं आहेत, बसलीत."

वरच्या मजल्यांवर ग्राहकांना फोन करणारा विभाग होता. जिकडे बघावं तिकडे कानाला हेडफोन लावलेल्या बायका. पुरुष शोधावे लागत होते. एक खांबाआड सापडला, तोही प्रिंटर दुरुस्त करायला आलेला.

मॅनेजरकडचा चहा एव्हाना सूनबाईला आपली आठवण करून देऊ लागला होता. ती बायकांच्या संडासाकडे गेली, तर रांग पार जिन्यापर्यंत.

"नवीन दिसताय," पुढच्या, गळ्यात हेडफोन अडकवलेल्या बाई म्हणाल्या. "इथे थांबलात तर रिटायर व्हाल. चला माझ्याबरोबर." आणि त्यांनी हाताला धरून सूनबाईला पुरुषांच्या संडासाकडे नेलं. दाराला एक पुठ्ठा टांगलेला होता. त्याच्या एका बाजूला 'पुरुष आत' आणि दुसऱ्या बाजूला 'बायका आत' असं लिहिलं होतं. बाईंनी तो उलटून 'बायका आत' केला आणि दार ढकललं.

आत, शेवटच्या मुतारीसमोर, भिंतीकडे तोंड करून एक गृहस्थ उभे होते.

"अहो काका, तुम्ही अजून इथेच?" बाई ओरडल्या. "आम्हाला वाटलं कधीच गेलात!"

"मलाही जायचंय हो," गृहस्थ मान न वळवता म्हणाले. "पण आतून सहकार्य नाही."

आवाज ओळखीचा होता. सूनबाईला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात सासऱ्यांनी मान वळवलीच.

"तू?"

"मोजायला आले होते, बाबा," तोंडाला आलं ते ती बोलून गेली.

"मग मी कधीचा उभा आहे, तेही मोज."

सूनबाई तडक बाहेर आली. बऱ्याच वेळाने सासरे हात पुसत आले. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"हे कधीपासून चाललंय, बाबा?"

"बायकांचं ना? आम्ही इथे आलो तेव्हापासून."

"बायकांचं नाही विचारत मी."

सासऱ्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. "होईल वर्ष. तुझ्या सासूला बोलू नकोस. घाबरेल."

"नाही बोलत. पण डॉक्टरकडे आपण दोघं जायचं."

मग ती खाली गेली आणि मॅनेजरसमोर कागद ठेवला. बायका बहुसंख्य, पुरुष नावाला.

मॅनेजरचा चेहरा पडला. "मॅडम, सुवर्ण हातचं जाईल हो! निम्मे लिहा. कोण बघायला येतंय?"

"मी जाऊन आले, सर. तुमच्या मुताऱ्यांसमोर कोणी उभं राहत नाही." एक जण राहत होता, पण त्याचं नाव तिने घेतलं नाही.

मॅनेजरने तिच्या साहेबांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. साहेब तिच्यावर उखडले, काही जुळवून घेता येणार नाही का म्हणाले.

"येईल की," ती म्हणाली. "त्या बायका उभ्याने करायला लागल्या, की लगेच आकडा बदलते."

साहेबांनी फोन ठेवला.

इमारतीला रौप्य प्रमाणपत्र मिळालं. पण तो आकडा अधिकृत झाल्यावर हेडफोनवाल्या बाईंनी मैत्रिणींसह थेट संचालकांची केबिन गाठली: इतक्या बायका, आणि संडासाची भांडी इतकीशी, हे तुमचाच कागद सांगतोय. बहुतेक मजल्यांवरचे पुरुषांचे संडास बायकांना मिळाले. कारागीर बिनपाण्याच्या मुताऱ्या उचकटून नेत होते तेव्हा मॅनेजर जिन्यात उभा होता. मुलीची पाठवणी करावी तसा.

डॉक्टरकडे सासरे आधी खुर्चीत अवघडून बसले. "हिला जरा बाहेर थांबू द्या," असं म्हणाले, मग स्वतःच हात हलवला. "राहू द्या. हिने पाहिलंय सगळं." आणि मग रात्रीचं उठणं, प्रवासाची धास्ती, लग्नाकार्याला जाणं टाळणं, सगळं सांगून टाकलं. एका घरात राहून आपल्याला यातलं काहीच कसं दिसलं नाही, असं सूनबाईला वाटत होतं. काळजीचं काही नव्हतं. वय झालं की होतं, गोळ्यांनी आटोक्यात येईल, असं डॉक्टर म्हणाले.

औषधाच्या दुकानात गर्दी होती. दुकानदाराने चिठ्ठी वाचून आवाज बारीक केला आणि सूनबाईलाच विचारलं, "कोणासाठी आहेत?"

"माझ्यासाठी," सासरे खणखणीत आवाजात म्हणाले. मागची अख्खी रांग त्यांच्याकडे बघायला लागली. "लघवीच्या आहेत. लवकर द्या."