नसलेल्या मिशीला पीळ

आईच्या दहाव्यालाच अण्णा हरवले. नदीवरून माणसं परतली, पानं मांडली, आणि बघतात तर अण्णांचा, म्हणजे शेषेरावांचा, पत्ताच नाही.

त्यांची लेक उज्वला आणि मुलगा दयानंद त्यांना शोधायला तसेच अहमदपूरला निघाले. अण्णांच्या शुगरच्या गोळ्या घरीच राहिलेल्या, तोंडात सकाळपासून अन्नाचा कण नाही. दोघांनी एसटी स्टँड पालथं घातलं. दयानंद मोबाईलमधला फोटो दिसेल त्याच्या नाकापुढं धरायचा, "गुलाबी पटका, झुपकेदार मिशा. बघितलं का कुठं?"

कुणीच बघितलं नव्हतं.

शेवटी समोरच्या विरूपाक्षच्या मोबाईल दुकानात शिरले. त्याच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं तोंड स्टँडकडं होतं.

"जे हलतंय त्याच्याभोवती हिरवी चौकट येती, ताई," तो म्हणाला. "माणूस गप बसला की ह्याच्या लेखी त्यो भिंत."

"मग आमच्या अण्णांची भिंतच केली असंल. बसले की उठायचं नाव न्हाई."

विरूपाक्षनं मघापासूनचं चित्रण लावलं आणि पडद्यावर चौकटी पळू लागल्या. एक शेळी, दोन पोरी, मोटारसायकल. मग एका चौकटीत उज्वला स्वतःच आली, पदर खोचलेली, मान भिरभिरती. बाकड्यावर एक बोडका म्हातारा बसला होता. त्याला चौकट नव्हती. पडद्यावरच्या उज्वलानं त्याच्या तोंडाकडं सरळ बघितलं आणि पुढं गेली.

म्हाताऱ्याचा हात हलला. चौकट उमटली. बोटं ओठावर गेली आणि तिथं नसलेल्या मिशीला पीळ देऊ लागली.

उज्वला पडद्याजवळ वाकली.

"दया, अण्णांच्या मिशा काढल्या व्हय रे?"

दहाव्याला बायका नदीवर जात नाहीत, तिला कुठून ठाऊक असणार. पण दयानंद तर सकाळी बापाच्या शेजारीच न्हाव्यापुढं बसला होता. त्याचा हात आपल्याच कोऱ्या ओठावर गेला आणि तिथंच राहिला.

दोघं स्टँडवर धावले. अण्णा अजून तिथंच होते. बाजाराला आले की आईसोबत बसायचे, त्याच बाकड्यावर.

"हाक का न्हाई मारली, अण्णा?"

"तू बघितलंस की माझ्याकडं," ते म्हणाले. "वाटलं, आई गेली, तर लेकीनं वळख सोडली."

तिनं घरून आणलेली गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि आईच्या जागेवर बसली. दयानंद समोर उभाच होता. हातातल्या मोबाईलमध्ये मिशीवाल्या अण्णांचा फोटो तसाच उघडा.