आत बघणारी पानं

मऊके बेटावर अकाइतीची कात्री कुणी उसनी मागत नसे. मागितली असती तरी मिळाली नसती. लग्न असो, मयत असो की नातवाचं जावळ, त्यासाठी लागणारी तिवाएवाए, म्हणजे नक्षीची चादर, कापायची ती अकाइतीनेच. बाकीच्या बायांनी टाके घालावेत आणि गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढाव्यात. रंगीत कापडाची आठपदरी घडी करून ती कात्री चालवी, आणि घडी उलगडली की पलंगभर फुलंपानं एकमेकांचा हात धरून उभी असत. मग ती नक्षी दुसऱ्या रंगाच्या कापडावर टाचायची आणि सगळ्याजणींनी बसून शिवायची. खडूची रेघ नाही, कागद नाही. नक्षी डोक्यात असते, असं अकाइती म्हणे. ज्यांच्या डोक्यात काही नाही त्यांनी खुशाल कागद घ्यावा.

हा टोला असायचा धाकट्या जावेला, तांगीला. तांगी ऑकलंडला लेकीकडे बरीच वर्षं राहिली आणि परतली ती चित्रांची वही घेऊन. तिकडे म्हाताऱ्या माणसांना चित्रकला शिकवतात म्हणे. कामधंदा नसला की असंच होतं. जाईल तिथे वही तिच्या काखेत. नीरफणसाच्या पानाच्या शिरा, खेकड्याचा आकडा, चर्चमध्ये मान टाकून झोपलेला अकाइतीचा नवरा, सगळं त्या वहीत जाऊन बसलेलं. एकच पान समोरून, बाजूने, वाळल्यावर, किड्याने खाल्ल्यावर. देवाने जे एकदा केलं ते हिला चारदा करावं लागतं, असं अकाइतीने बायांच्या बैठकीत सांगून सगळ्यांना हसवलं होतं. तांगीही हसली होती. एकदा तिने अकाइतीचा हात काढायला मागितला, तेव्हा अकाइतीने तो पदराआड करावा तसा झग्यात खुपसला. माझा हात म्हणजे काय खेकडा वाटला तुला, म्हणाली.

मग नातवाचं, इओतियाचं, जावळ ठरलं. तिकडे पोरांचं जावळ उशिरा काढतात. पोराचे केस कमरेपर्यंत आले होते आणि त्यावरून कुणी चिडवलं की तो आता शाळेत मारामाऱ्या करू लागला होता. ऑकलंडहून, रारोटोंगा बेटाहून पाहुणे यायचे होते. पोराला बसवायच्या खुर्चीवर आपल्या आईची, माइरेच्या सुवासिक वेलीच्या पानांची नक्षी असेल, असं अकाइतीने चर्चच्या अंगणात सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

ती नक्षी आता बेटावर कुणाकडेच नव्हती. अकाइतीची आई गेली तेव्हा तिला त्याच चादरीत गुंडाळून मातीत ठेवलं, रीतच आहे. मऊकेवरची सगळ्यात चांगली नक्षी जमिनीखालीच असते. जी काही उरली होती ती अकाइतीच्या डोक्यात. ती गेली की नक्षीही गेली, आणि हे इओतियाच्या जावळापेक्षाही तिला अधिक खात होतं. पोराच्या अंगाखाली पणजीची पानं एकदा तरी यायलाच हवीत.

बोटीने हिरवं कापड आलं. अकाइतीने दार लावून घेतलं. एरवी ती चारचौघींत कापी, पण गेलं वर्षभर तिच्या डोळ्यांवर ढग आला होता आणि ते तिने नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नव्हतं. घडी घातली, कात्री चालवली, घडी उलगडली, आणि कापडातून चार फांद्या सुट्या होऊन चार दिशांना पडल्या.

घडीचं एक टोक मिटलेलं असतं. ती कापडाची बेंबी. सगळी नक्षी तिथून फुटते, तिथूनच धरलेली राहते. दुसरं टोक सुटं असतं, नुसत्या कडा एकावर एक. अकाइतीने सुट्या टोकाला बेंबी समजून नक्षी धरली होती. नव्याने शिकणारी पोरगी असती तर तिच्या हातावर अकाइतीनेच चापट मारली असती.

तांगी तारोची, म्हणजे अळूची, पानं घेऊन मागच्या दाराने आली, तेव्हा अकाइती त्या चार फांद्यांमध्ये जमिनीवर बसली होती. दुसरी बोट कधी येईल याचा भरवसा नव्हता. तांगीने एकदा कापडाकडे पाहिलं, एकदा जावेच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि पानं चुलीपाशी ठेवून शेजारी मांडी घातली. मग वही उघडली.

"माझं हसं चितारू नकोस त्यात," अकाइती म्हणाली.

"हसं नाही काढत, ताई. फांद्या काढतेय. झाल्या छान आहेत, तुम्ही उगाच तोंड पाडून बसलात."

तांगीने वहीच्या कागदावर चादरीचा चौकोन आखला आणि चारी फांद्या चार कोपऱ्यांत बसवल्या. बसवाव्या लागल्याच नाहीत. त्या कापडाच्या कोपऱ्यांतूनच उगवलेल्या होत्या. मधली जागा मोकळी राहिली. कापून टाकलेल्या कापडाचा मधला तुकडा मात्र अखंड होता, एका माणसाच्या मांडीवर मावेल एवढा. त्यात आईची नक्षी लहान करून बसेल, तांगी म्हणाली. पण तुकडा एकच आहे. पुन्हा चूक परवडायची नाही. तेव्हा आधी कागदावर.

अकाइती कागदावर काहीच सांगू शकेना. काय होतं ते तिला शब्दांत येत नव्हतं. काय नव्हतं ते मात्र लगेच यायचं. तांगीने पान काढलं की ती म्हणे, ही माइरे आहे का कोबी? देठ काढला की म्हणे, एवढा ताठ देठ पाद्रीबुवांच्या मानेला शोभेल. रोज दुपारी ओसरीवर हेच. तांगी पान उलटायची आणि नव्याने सुरू करायची, पण जुनं खोडायची नाही. चुकलेलंही राहू द्यावं, म्हणायची, त्यातला देठ पुढे कामाला येतो. आणि खरंच आला. परवाचा देठ, कालची कळी असं करत नक्षीचं अंग भरत चाललं. तरी पानांपाशी गाडी अडली. एका दुपारी अकाइती चिडून उठायला लागली.

"तुम्ही लहानपणी निजायचात ना त्या चादरीत?" तांगीने विचारलं.

"आईच्या कुशीत. मग काय?"

"झोप येईना तेव्हा काय करायचात?"

अकाइती पुन्हा खाली बसली. तिने डोळे मिटले, तसेही ते फार उपयोगाचे राहिले नव्हते, आणि उजव्या हाताचं बोट वहीच्या पानावर ठेवलं. बोट देठावरून वर गेलं, पानाच्या पोटावरून फिरलं, आणि टोकाशी आल्यावर बाहेर न जाता हळूच वळून आत आलं. पुढच्या पानालाही तसंच. तांगीची पेन्सिल श्वास रोखून त्या बोटामागून चालली होती.

"सगळ्यांची पानं बाहेर बघतात," अकाइती डोळे न उघडता म्हणाली. "आईची आत बघायची. घराकडे."

तांगीने वहीतल्या चौकोनाच्या कोपऱ्यांतल्या चार फांद्यांकडे बोट केलं. चुकून सुट्या टोकापासून निघालेल्या त्या फांद्याही आतच बघत होत्या. मग अकाइतीने नाक पुसलं आणि पावसाचे दिवस आले की सर्दी होते असं म्हणाली. पाऊस कुठेच नव्हता.

तांगीने वहीतली नक्षी कोऱ्या कागदावर उतरवून घेतली, कागद आठपदरी दुमडला आणि आधी तोच कापून पाहिला. पहिला कागद सुटा झाला, तो चुलीत गेला. दुसरा धरून राहिला. कागदाची चूक किती गुमान जळून जाते, हे अकाइतीने त्या दिवशी मुकाट्याने पाहून ठेवलं. कापड कापताना कात्री तिचीच होती. फक्त मिटलेल्या टोकावर तांगीने आपला अंगठा ठेवला होता आणि घडी पुरी कापून होईपर्यंत तो तिथून हलवला नाही.

मग बायांची मंडळी चर्चच्या सभागृहात शिवायला बसली. डोळ्यांचं किंवा फांद्यांचं एक अक्षर तांगीच्या तोंडून फुटलं नाही. अकाइती रोज वाट बघत होती, की आज ही बोलेल, आज हिला जीभ आवरायची नाही. तिच्या जागी ती स्वतः असती तर पहिल्याच दिवशी गावभर झालं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जावळाच्या दिवशी इओतिया फितींनी बांधलेल्या बटा घेऊन चादरीवर बसला आणि एकेक पाहुणा येऊन एकेक बट कापून गेला. रारोटोंगाच्या बाया मात्र पोराकडे न बघता खुर्चीवरून लोंबणाऱ्या कोपऱ्यांकडे बघत होत्या. कोपऱ्यातून आत येणाऱ्या फांद्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. एकीने विचारलंच, की हे सुचलं कुणाला.

"मधलं माझ्या आईचं आहे," अकाइती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कोपरे तांगीचे. हिच्या वहीतले. वहीशिवाय आजकाल मी कापत नाही."

तांगीने काही बोलायला तोंड उघडलं. अकाइतीने तिच्या ताटात डुकराच्या मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा ठेवला आणि आधी खा म्हणाली.

पाहुणे पांगल्यावर दोघी ओसरीवर चादरीची घडी घालत बसल्या. मिटलेलं टोक तांगीने जावेच्या हातात दिलं.

"मी जाईन तेव्हा हीच माझ्या अंगावर घाला," अकाइती म्हणाली. "पण तुझी ती वही वरच राहू दे. खड्ड्यात टाकाल तर भूत होऊन येईन."

"आणि मी आधी गेले तर?"

"मग वही माझ्याकडे ठेवून जा. पेन्सिली तासून ठेव तेवढ्या, मला दिसत नाही."

हे म्हणून झाल्यावर तिने आपला हात तांगीच्या मांडीवर उताणा ठेवला. सुईने टोचलेली बोटं, कात्रीने पडलेला अंगठ्याचा घट्टा. "काढ काय काढायचंय ते," म्हणाली. "चारदा काढ. आणि खेकड्यासारखा दिसला तर याद राख."

तांगीने वही उघडली.