बोडकीची सायकलवाट

आमच्या गोंदणवाडीत शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर टेंभुर्णीला जावं लागायचं, आणि टेंभुर्णी बोडकीच्या पलीकडं. बोडकी म्हणजे आमची टेकडी. माथ्यावर सावलीपुरतंही झाड नाही, नुसता काळा दगड आणि मुरूम, म्हणून हे नाव पडलेलं. गाडीरस्ता तिला लांबून वळसा घालून नाल्यातून जायचा. पोरं त्या रस्त्यानं सायकलवर जायची. पोरींना तेवढ्या आडरानातून कोण पाठवणार? चौथी झाली की पोरगी शेळ्यांमागं, नाही तर धाकट्या भावंडांमागं.

काकासाहेब माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. शेती थोडी, पण माणसाचा जीव सायकलीत. घरापुढच्या लिंबाखाली त्यांचं पंक्चरचं सामान मांडलेलं असायचं. गावातली कोणतीही सायकल दुरून नुसती वाजली तरी ते सांगायचे, "रामरावची चेन ढिली झाली." त्यांना एकच लेक, केशर. माझ्याच वयाची. आम्ही दोघी चौथी पास झालो तेव्हा नाना संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि माझ्या वडिलांना म्हणाले,

"पुंजाराम, बोडकीवरून वाट काढू."

"हाय की पायवाट. शेळ्या जातेत."

"शेळ्याची न्हाई. सायकलची. ह्या पोरींना साळंत घालायचं."

वडील हसले. "खुळा का काय तू? त्या खडकावर मानूस घसरतो, सायकल कशी चढंल?"

"सरळ न्हाई चढायचं. आडवं जायचं, वळायचं, परत आडवं जायचं. उतार असा पायजे की सायकल आपुन होऊन गेली पायजे, पन पळाली न्हाई पायजे."

वडिलांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण पुढच्या अमावस्येला ते कुदळ घेऊन गेले. आमच्याकडं अमावस्येला बैल जुंपत नाहीत, औत बंद असतं. तोच दिवस नानांनी धरला. पहिल्या खेपेला चार-पाच माणसं होती. नंतर बाया यायला लागल्या. माझी आई नंदाबाई, दुर्गाकाकू म्हणजे नानांची बायको, मळ्यातल्या बाया. गडी पहारीनं दगड उपटायचे, बाया घमेल्यानं मुरूम टाकायच्या, आम्ही पोरी खालच्या अंगाला दगडाची ओळ लावायचो, म्हणजे माती वाहून जाऊ नये. दुपारी सगळ्यांच्या भाकरी एकत्र सोडायच्या. कोणाचं पिठलं, कोणाचा ठेचा, कोणाच्या घरची अंबाडीची भाजी. एरवी बांधावरून एकमेकांची तोंडं न पाहणारे लोक बोडकीवर एका पानात खायचे. वाट पुरी व्हायला दीड-दोन वर्षं लागली. आईला अजून वाटतं की गावाचे तेवढेच दिवस चांगले होते.

गावाकडच्या उतारावर एका वळणाला मोठा काळा धोंडा होता. वाट त्याच्या अंगावरच येत होती. वडील म्हणाले, फोडू. नानांनी दोन-चार घाव घालून पाहिले. घणासारखी जड सुतकी नुसती टणकन वर उडाली.

"ह्यो फुटत न्हाई. राहू द्या," नाना म्हणाले. "वाट त्याच्या बगलंनं नेऊ. वळन झकास होतं."

आणि ते वळण खरंच झकास झालं. टेंभुर्णीकडून येताना तिथं ब्रेक हलका सोडला की पाखरू कलावं तशी सायकल कलायची. नानांनी जालन्याहून दोन जुन्या लेडीज सायकली आणल्या, एक केशरला, एक मला. त्या वर्षी गोंदणवाडीच्या सहा पोरी टेंभुर्णीच्या शाळेत बसल्या. दुसऱ्या वर्षी आणखी चार. सकाळी आम्ही ओळीनं बोडकी चढायचो. चढाला सायकल हातात, उताराला स्वार. केशर सगळ्यात पुढं. ती गायची. आवाज बरा नव्हता, पण जोरात गायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पोरांनी वाटेवर शर्यत सुरू केली. बोडकीच्या माथ्यावरून खाली गावापर्यंत. सगळं गाव खाली उभं राहायचं. आधीची दोन वर्षं फक्त पोरं पळाली. चौऱ्याण्णव साली नाना म्हणाले, यंदा पोरींचीबी लावू.

दुर्गाकाकूनं नको म्हटलं. "पोरींना कशाला शर्यत? रोज जातेत, येतेत, तेवढं पुरं हाय."

"वाट कोनासाठी खंदली? त्यांच्यासाठीच ना? मंग त्यांनी पळू नये?"

काकू उठून आत गेली. केशर तेव्हा नववीत होती. सकाळी तिनं सायकल धुतली, हँडलला बैलाच्या झुलीचं उरलेलं गोंड्याचं सूत बांधलं. आम्ही चौघी माथ्यावर उभ्या राहिलो. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. रामरावांनी टॉवेल हलवला आणि आम्ही सुटलो.

केशर पहिल्यापासून पुढं होती. मी तिच्या मागं. धोंड्याच्या वळणाच्या जरा वर तिनं मागं मान वळवली आणि हसून ओरडली, "चतुरे, ये ना! का बैलगाडीत बसलीस?"

तेवढ्यात मुरमावर तिचं पुढचं चाक सरकलं. मी पाहिलं ते एवढंच, की सायकल एकीकडं गेली आणि केशर धोंड्यावर.

माणसं पळत वर आली. नाना सगळ्यांच्या पुढं होते. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. रक्त फार नव्हतं. म्हणून आम्हाला वाटलं, उठेल. बाज आणली, केशरला तिच्यावर निजवून माणसांनी बाज खांद्यावर घेतली आणि बोडकी चढून टेंभुर्णीला निघाली, कारण ती वाट जल्दीची होती. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. त्याच वाटेनं तिला परत आणलं.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पहार घेऊन बोडकीवर गेले. त्यांनी वाट मोडायला सुरुवात केली. खालच्या अंगाला आम्ही लावलेले दगड उपटून उतारावर लोटून दिले. मुरूम कुदळीनं उकरला. वडील धावत गेले, म्हणाले, "काकासाहेब, काय करून राह्यला? ह्या पोरी कशा जातीन?" नानांनी ऐकलंच नाही. दिवसभर ऊन डोक्यावर घेऊन ते एकटे खणत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही.

मग गावातल्या माणसांना ते पाहवेना. तो एकटाच मोडतोय, हे पाहवेना. एकेक जण कुदळ घेऊन वर गेला आणि त्यांच्या बाजूला उभा राहून दगड उपटायला लागला. माझे वडीलही गेले. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा ओट्यावर बसून रडले. आईनं विचारलं तर म्हणाले, "त्याला एकट्याला कसं सोडनार?"

गावानं हातानं केलेली वाट गावानं हातानं मोडली. नाल्यातून वळशानं पोरींना पाठवायला कोणी तयार नव्हतं. दहाही पोरी घरी बसल्या. माझी सायकल गोठ्यात उभी राहिली, मग तिचं चाक भावानं काढून नेलं. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर आष्टी, परतूरकडं. माणसं चांगली मिळाली, तेवढं नशीब. पण दहावीचं पुस्तक दिसलं की अजून मी ते हातात घेऊन चाळते.

त्यानंतरचं मला आईनं सांगितलं.

नाना घराबाहेर पडेनासे झाले होते. लिंबाखालचं पंक्चरचं सामान त्यांनी देऊन टाकलं. दुर्गाकाकू शेत पाहायची, दोघांची भाकरी करायची. एक दिवस रामरावच्या पोरीचं लग्न ठरल्याची सुपारी फुटली. पोरगी तेरा वर्षांची. काकू सुपारीहून घरी आली, डोक्यावरचा पदर खोचला आणि नानांपुढं उभी राहिली.

"आपली एक गेली," ती म्हणाली. "तुमी गावाच्या धा पोरी घरात बसवल्या."

नाना म्हणाले, "तुला त्या वाटंवर पाय ठिववंल?"

"न्हाई ठिववनार. तरी ठिवीन."

त्याच अमावस्येला ती एकटी कुदळ घेऊन गेली. नाना गेले नाहीत. दोन दिवसांनी नानाच घर सोडून गेले. शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ, हायवेवर ट्रकांच्या टायरचं दुकान होतं, तिथं कामाला लागले. बोडकी दिसणार नाही अशी जागा त्यांनी शोधली, असं वडील म्हणायचे.

काकू मात्र प्रत्येक अमावस्येला वर जायची. पहिले काही महिने तिच्या मागं कोणी गेलं नाही. लोकांना भीती वाटायची, लाजही वाटायची. मग माझी आई गेली. मग बाया गेल्या. शेवटी गडी गेले. धोंड्यावर माझ्या वडिलांनी आणि गावातल्या तातेराव मामांनी आळीपाळीनं सुतकी चालवली. तो फुटायला लई दिवस लागले, पण एका दुपारी त्याला मधोमध चीर गेली आणि सगळे खाली बसले. काकू दूर जाऊन उभी राहिली होती. तुकडे बाजूला झाले तेव्हा ती आली, आणि तिथं मुरमाचं पहिलं घमेलं तिनं टाकलं.

माझी सासू वारली तेव्हा अस्थी घेऊन आम्ही शहागडला गेलो. नदीवरचं सगळं आटोपल्यावर मी मालकांना म्हटलं, "माझे चुलते इथं असतात, भेटून येते." हायवेवर विचारत गेले. एका पत्र्याच्या शेडखाली नाना उकिडवे बसले होते. दाढी पांढरी झालेली. पुढं पाण्याची टाकी, हातात ट्यूब, पाण्यात दाबून बुडबुडे पाहत होते. मी समोर उभी राहिले तरी त्यांनी आधी बुडबुड्याच्या जागी खूण केली, मग वर पाहिलं.

"कोन? चतुरा का?"

"हो नाना."

त्यांनी हात पुसले, मला टायरवर बसायला सांगितलं. चहा मागवला. सासरचं, लेकराचं विचारलं. चहा संपला. ट्रक येत होते, जात होते. मी म्हणाले, "नाना, वाट पुन्यांदा झाली. पोरी साळंत जाऊन राह्यल्या."

ते ट्यूबकडं पाहत राहिले. "कोनी केली?"

"काकूनं सुरू केली. मंग सगळ्यांनी."

"आन् धोंडा?"

"फोडला."

त्यांनी ट्यूब पुन्हा हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "म्हंजे फुटत व्हता."

त्यांचे खांदे हलायला लागले. हातातली ट्यूब तशीच होती. दुकानातला एक माणूस जवळ येऊ लागला, मी त्याला हातानं थांबवलं. रडणं ओसरल्यावर मी म्हटलं, "काकू एकलीच हाय, नाना."

"मला तिच्या तोंडाकडं पाहू वाटत न्हाई. ती नको म्हनली व्हती."

"मला तिनं कधी तसं बोलून दाखवलं न्हाई. तुमचं अंथरून रोज झटकून टाकती, असं आई सांगती."

निघताना त्यांनी माझ्या लेकरासाठी बिस्किटाचे पुडे दिले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

पुढच्या नागपंचमीला मी माहेरी गेले तेव्हा आईनं दारातच सांगितलं, "काकासाहेब आल्ता बरं का. दिवाळीच्या आधीच आल्ता, आता हितंच हाय." मी त्यांच्या घरी गेले. नाना ओट्यावर होते, खंगलेले. काकू आत भाकरी थापत होती. दोघं एकमेकांशी फार बोलत नव्हती. जेवायला ये, पाणी दे, एवढंच. केशरचं नाव मी असेपर्यंत कोणीच घेतलं नाही.

नाना बोडकीवर कधी गेले नाहीत. वाट डागडुजीला येते, पावसानं चर पडतात, म्हणून काकू अमावस्येला जायचीच, वय झालं तरी. गुडघे धरून चढायची. ती परतायच्या वेळेला नाना मागच्या अंगणातल्या चुलीवर पाणी तापवून ठेवायचे. ती आली की बादली न्हाणीत नेऊन ठेवायचे आणि बाहेर येऊन बसायचे. पाणी गार झालेलं मी कधी पाहिलं नाही, असं आई म्हणते.

दोन हजार चार साली नाना गेले. त्याच्या पुढच्या वर्षी नाल्यावर पूल झाला, डांबरी रस्ता झाला, पोरी जीपनं टेंभुर्णीला जायला लागल्या. बोडकीवर आता कोणी जात नाही. घाणेरी माजली आहे. काकूच्या डोळ्यांना कमी दिसतं. मागच्या वेळी गेले तर म्हणाली, "आज अमावस्या हाय का गं?"

मी म्हणाले, "न्हाई काकू, अजून चार दिवस हायती."

"बरं," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसली.